झेंडा माल्टाचा, कायदाही माल्टाचा: माझा अनुभव

मी व्यापारी जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. माहेर गुहागरचं, सासर डोंबिवलीचं. २०२४ च्या पावसाळ्यात ब्राझीलहून चीनला सोयाबीन घेऊन जाणाऱ्या जहाजावर असताना मला दिवस गेल्याचं कळलं. आम्हा दोघांनाही तेव्हा मूल नको होतं. साधन वापरूनही हे झालं होतं आणि मला गर्भपात करून घ्यायचा होता. भर समुद्रात हे कसं निभावायचं, याबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नाही. आता जहाजावर जाणाऱ्या आपल्याकडच्या मुली वाढल्या आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

सांतोस बंदर सोडल्यावर काही दिवसांत मळमळ सुरू झाली. मला बोट लागत नाही, आणि समुद्रही शांत होता. निघताना मेडिकलमधून घेतलेली टेस्टची पट्टी बॅगेत होती. रात्रीची बारा ते चारची वॉच संपवून केबिनमध्ये आले आणि पट्टी लावली. दोन रेघा. नवऱ्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "तू म्हणशील तसं. फक्त तिथे एकटीने काही करू नकोस."

तो असं का म्हणाला ते मला लगेच कळलं. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असतील आणि सफर तीन दिवसांपेक्षा लांबची असेल, तरच डॉक्टर ठेवणं बंधनकारक आहे. आमच्यासारख्या जहाजावर दवाखान्याचं काम सेकंड ऑफिसरकडे, म्हणजे माझ्याकडेच. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. जागतिक आरोग्य संघटनेने जहाजांसाठी जी औषधांची यादी केली आहे, तिच्यात मिसोप्रोस्टॉल आहे, बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून. गर्भपातासाठीही हेच औषध वापरतात. आमच्या कपाटात ते मधल्या खणात होतं, खोक्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात मुदत संपण्याची तारीख. दुसऱ्या दिवशी स्टॉक तपासायला गेले तेव्हा ते खोकं हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते.

ते परत ठेवलं, त्याची दोन कारणं होती. पहिलं वैद्यकीय. गर्भ गर्भाशयातच आहे की बाहेर, बीजवाहक नळीत, हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही. दक्षिण अटलांटिकच्या मधोमध रक्तस्राव आवरला नाही तर हेलिकॉप्टरही पोहोचत नाही. दुसरं कारण कायद्याचं.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढे गेलं की कुणाचाच कायदा नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार खुल्या समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा अधिकार चालतो. माझं जहाज कधीही माल्टाला, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या त्या छोट्या देशाला, गेलं नव्हतं, जहाजावर माल्टाचा एकही माणूस नव्हता, पण मागच्या अंगाला पांढऱ्या रंगात 'व्हॅलेटा', माल्टाची राजधानी, लिहिलेलं होतं, म्हणजे नोंदणी आणि झेंडा माल्टाचा. आणि युरोपीय संघात गर्भपाताचा सर्वांत कडक कायदा माल्टाचाच. २०२३ पर्यंत तिथे पूर्ण बंदी होती. त्या वर्षी एवढीच सूट मिळाली की बाईच्या जिवालाच धोका असेल तर, आणि धोका अगदी तातडीचा नसेल तर तीन डॉक्टरांच्या संमतीने. एरवी बाईला स्वतःलासुद्धा दीड ते तीन वर्षांची कैद. २०२२ मध्ये तिथे फिरायला आलेल्या एका अमेरिकन बाईचा गर्भ वाचण्याची शक्यता नसतानाही तिला गर्भपात नाकारला होता आणि शेवटी विमानाने स्पेनमध्ये न्यावं लागलं होतं. माझ्यावर कुणी खटला भरलाच असता असं मी म्हणत नाही. पण मला गोळी देणाऱ्या किंवा परवानगी देणाऱ्या माणसालाही मी त्या कायद्याच्या कचाट्यात ओढलं असतं.

गंमत नव्हे, दुःखच वाटतं की झेंड्याचा हाच नियम बायकांच्या मदतीलाही आला आहे. रिबेका गॉम्पर्ट्स या डच डॉक्टरने १९९९ मध्ये विमेन ऑन वेव्हज ही संस्था काढली. नेदरलँड्सच्या झेंड्याचं जहाज, बंदी असलेल्या देशाच्या बायकांना १२ मैलांपलीकडे न्यायचं, तिथे डच कायदा लागू. २००१ मध्ये आयर्लंड, २००३ मध्ये पोलंड. २००४ मध्ये पोर्तुगालने तर त्यांचं जहाज अडवायला युद्धनौका पाठवली. २००९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने पोर्तुगालला दोषी धरलं, आणि तोपर्यंत, २००७ मध्ये, पोर्तुगालने स्वतःच दहा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात कायदेशीर केला होता. माझ्या जहाजावर डच झेंडा नव्हता, एवढाच फरक.

आणि तिरंगा असता तरी जहाजावर काही करता आलं नसतं. आपला १९७१ चा कायदा सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणीच गर्भपाताला परवानगी देतो, जीव वाचवण्याची तातडी सोडली तर. म्हणजे उतरणं हाच मार्ग.

कॅप्टनना सांगितलं. केरळचे, निवृत्तीला आलेले. घाबरतच गेले होते. त्यांनी दार उघडंच ठेवलं, चहा मागवला आणि विचारलं, "उलट्या किती होतात? वॉच झेपते का?" बाकी एकही प्रश्न नाही. मग सॅटेलाइट फोनवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतला. ही सोय चोवीस तास आणि फुकट असते, खलाशांना फारशी माहीत नसते. रोमचं केंद्र तर १९३५ पासून हे काम करतं. डॉक्टरांनी धोक्याची लक्षणं सांगितली, एका बाजूला पोटात कळ, चक्कर, रक्त, आणि पुढच्या शक्य त्या बंदरात सोनोग्राफी करावी असं लेखी पाठवलं. तो ईमेल पुढे प्रत्येक टप्प्यावर कामी आला. तुमच्यावर वेळ आली तर लेखी मागाच.

खरा वेळ गेला तो कंपनीत. त्यांचं पहिलं उत्तर: सिंगापूरला बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, घेताना उतरा, तिथे चांगली हॉस्पिटलं आहेत. मी शोधलं. सिंगापूरमध्ये २४ आठवड्यांपर्यंत परवानगी आहे, पण परदेशी बाईकडे तिथला वर्क पास हवा किंवा ती आधीचे चार महिने तिथे राहिलेली हवी. शिवाय सिंगापूर अजून फार लांब होतं. वाटेत दक्षिण आफ्रिका लागते, तिथे १२ आठवड्यांपर्यंत बाईच्या मागणीवरून गर्भपात होतो. पण जहाजावर किमान किती अधिकारी हवेत ते ठरलेलं असतं. माझ्या जागी माणूस चढल्याशिवाय जहाज पुढे जाऊच शकत नाही, आणि त्याचा व्हिसा केप टाउनपर्यंत होणार नव्हता. शेवटी कॅप्टननीच मॉरिशसचं नाव काढलं. थोडी वाट वाकडी, तिथल्या पोर्ट लुई बंदराच्या बाहेर लाँचने, म्हणजे छोट्या बोटीने, माणूस बदलता येतो आणि तिथून मुंबईला थेट विमान.

कंपनी मान्य करेना. वाट वाकडी म्हणजे जास्तीचं तेल. तेव्हा मी सागरी कामगार कराराचा, म्हणजे एमएलसी २००६ चा आधार घेतला. भारतानेही तो स्वीकारला आहे, माल्टानेही. आजार, इजा किंवा 'अन्य वैद्यकीय स्थिती' असेल तर खलाशाला मालकाच्या खर्चाने घरी पाठवण्याची तरतूद त्यात आहे. ईमेलमध्ये मी गर्भपात हा शब्द लिहिला नाही. गरोदर आहे, डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली आहे, जहाजावर ती होत नाही, एवढंच लिहिलं. पुढे काय करायचं हे कंपनीला सांगायला मी बांधील नव्हते. कॅप्टननी खाली सही केली.

पोर्ट लुईच्या बाहेर लाटा मोठ्या होत्या. पायलट लॅडरवरून, म्हणजे जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोरीच्या शिडीवरून, उतरताना इंजिन रूममधल्या आमच्या दाभोळच्या मोटरमन काकांनी वरून बॅग दोरीने सोडली आणि ओरडले, "मॅडम, सांभाळून, घाई करू नका!" त्यांना कारण माहीत नव्हतं. असेलही कदाचित.

मुंबईत पहिल्या हॉस्पिटलमध्ये नवऱ्याची सही मागितली. नवरा शेजारीच बसलेला, सही करायला तयार. मी नको म्हटलं. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते, फॉर्म सी तेवढ्यासाठीच असतो. लग्न झालेलं असो वा नसो, १९७१ च्या कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीत 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असेच शब्द आहेत. त्यांनी ऐकलं नाही, आम्ही उठून दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी सोनोग्राफी केली, गर्भ जागेवर होता, पण नऊ आठवडे उलटले होते. गोळ्यांनी करण्याची आपल्याकडची मर्यादा नऊ आठवड्यांचीच, त्यामुळे सक्शनने करावं लागलं. २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरतं, म्हणून पुढे काही अडलं नाही. सकाळी गेले, संध्याकाळी आईच्या हातचा मऊ भात खाल्ला. कंपनीने पहिल्या ईमेललाच हो म्हटलं असतं तर हे गोळ्यांवर भागलं असतं, याचा राग मला अजून आहे.

महिनाअखेरीला पगाराच्या हिशोबात विमानाचं भाडं कापलेलं दिसलं, 'स्वतःच्या विनंतीवरून उतरल्या' असा शेरा मारून. मी युनियनकडे गेले, डॉक्टरांचा तो ईमेल आणि कराराचं कलम जोडलं. पैसे परत आले, शेराही बदलला. आता करारावर सही करण्यापूर्वी मी पगाराच्या आधी झेंडा आणि मार्ग बघते. बॅगेत दोन-तीन टेस्टच्या पट्ट्या असतात, कॅडेट, म्हणजे शिकाऊ, मुलींनाही ठेवायला सांगते, आणि पाळी चुकली तर वाट न बघता त्याच दिवशी लावायला सांगते.