पंधरा मिनिटांचा आयटम

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं मंडळ. गणपतीतल्या करमणुकीच्या कार्यक्रमाला नियम एकच: प्रत्येक आयटमला आठ मिनिटं. घंटा माझ्या हातात. भजनी मंडळाच्या बायकांनाही मी सोडलेलं नाही, त्याबद्दल घरी बोलणी खाल्ली आहेत.

२०२३ साली अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला आली. लुई पाश्चरची पुण्यतिथीही त्याच तारखेची, म्हणून तो जागतिक रेबीज दिन. हे हेरलं आणंदला ढोरांची डॉक्टरकी शिकणाऱ्या आमच्या एका मुलीनं आणि इथं मेडिकलला असलेल्या तिच्या मावसभावानं. आदल्या संध्याकाळी त्यांना आयटम हवा होता, पंधरा मिनिटांचा. "कमी नाही होणार काका, जखम तेवढा वेळ धुवावीच लागते."

स्टेजवर पाट, बादली, तांब्या, साबणाची वडी. सहावीतला एक मुलगा, पोटरीवर कुंकवाचा चावा. धुतोय, धुतोय, धुतोय. एकेक जण येऊन सुचवतोय, हळद लाव, मिरची भर, चुना लाव. मुलगी प्रत्येकाला हाकलतेय. भाऊ माइकवर: साबणानं विषाणूचं चरबीचं आवरण फुटतं. मग लस, आणि जखम खोल असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणी वाचत नाही. आठव्या मिनिटाला मी घंटा बडवली, पोरानं मान वर केली नाही. मागून एक आजी ओरडल्या, "अरे, सालडं निघेल!" पाणी सतरंजीखालून थेट पेटीपर्यंत गेलं.

त्याच वर्षी रांगोळीत त्या मुलीनं गिधाड काढलं. गणपतीपुढे गिधाड! केवढा गहजब झाला. तिचं म्हणणं सरळ होतं. गुरांना वेदनेवर डायक्लोफेनॅक टोचायचे, मेलेलं ढोर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. गुरांसाठी ते औषध २००६ साली बंद झालं, पण तोवर गिधाडं संपत आली होती. मग मढी कुत्र्यांना, कुत्री वाढली, म्हणजे पुन्हा आपलीच पोटरी. परीक्षकांनी उत्तेजनार्थ दिलं. मी पहिलं दिलं असतं.

२०२४ ला गणपतीच्या तोंडावर विश्वामित्रीचा पूर आला, सोसायट्यांत मगरी शिरल्या. सगळे मगरींचे व्हिडिओ बघत होते आणि ही दोघं गमबूट गोळा करत दारोदार. मगर दिसते तरी, उंदराच्या मुतातून चिखलात उतरलेला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाचा जंतू, दिसत नाही, हे त्यांचं पालुपद. त्या वर्षी नाटक झालं नाही, मांडवातला गाळ मात्र सगळ्यांनी बूट घालून उपसला.

गेल्या गणपतीत शेव-उसळीच्या पातेल्यापाशी घुटमळणाऱ्या कुत्र्यानं माझीच पोटरी धरली. नळाखाली पाय धरून बसलो. तो मुलगा, आता आठवीतला, शेजारी मोबाइल घेऊन उभा. बऱ्याच वेळानं मी नळाला हात घातला.

"काका, आठच झाली. सात बाकी."