नुसती लिंक नको, जागा दाखवा

जुन्या मराठी गाण्यांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त येणारा अभिप्राय म्हणजे ‘अप्रतिम!’. त्याखाली ‘केवळ अप्रतिम’, मग ‘शब्दच नाहीत’. गाणं पाठवणाऱ्याला बरं वाटतं, पण ज्यांनी ते अजून ऐकलेलं नाही ते तसेच पुढे जातात. लिंक उघडावी असं त्यांना वाटायला हवं, आणि त्यासाठी गाण्यात नेमकं काय ऐकायचं हे कुणीतरी सांगायला लागतं. मैफलीत शेजारी बसलेला जाणकार हळूच कोपर मारून ‘आता बघ’ म्हणतो. लिहिताना ते काम चार ओळींनी करायचं आहे.

या चार ओळी म्हणजे साधारण 40 ते 60 शब्द. फोनच्या पडद्यावर ‘आणखी वाचा’ न दाबता दिसतील एवढ्याच. त्यापेक्षा लांब लिहिलं की लोक वाचतात आणि ऐकायचं राहून जातं. पहिल्या ओळीत श्रेय, दुसरीत हे कुठलं ध्वनिमुद्रण आहे ते, उरलेल्या दोन ओळींत एकच जागा, म्हणजे गाण्यातला मान हलवणारा नेमका क्षण. गायकाचं चरित्र, त्यांचे पुरस्कार, पुण्यतिथीची तारीख यांतलं काही नको, ते सगळ्यांकडे कुठून ना कुठून फॉरवर्ड होऊन आलेलंच असतं.

श्रेयाच्या ओळीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. मराठी भावगीताला वेगळं शीर्षक नसतं, धृवपदाची पहिली ओळ हेच त्याचं नाव. अपलोड करणारे कधी अंतऱ्यातली ओळ नाव म्हणून देतात, मग तेच गाणं शोधूनही सापडत नाही. म्हणून पहिले तीन-चार शब्द देवनागरीत आणि शुद्ध लिहावेत. व्हॉट्सअ‍ॅपचा शोध अक्षरन् अक्षर जुळवतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की सहा महिन्यांनी तुमचाच मेसेज तुम्हाला मिळणार नाही. त्यापुढे गीत, संगीत, स्वर, आणि चित्रपट, नाटक की खाजगी ध्वनिमुद्रिका. गाण्याच्या अ‍ॅपवर गायकाचं नाव ठळक असतं, पण कवी आणि संगीतकार बहुधा आतल्या पानावर दडलेले असतात किंवा नसतातच. ते शोधून लिहिणं हीच तुमची पहिली भर.

भक्तिगीतांत तर विशेष जपावं लागतं. ‘इंद्रायणी काठी’ हा संतांचा अभंग म्हणून सर्रास पाठवला जातो. तो ग. दि. माडगूळकरांनी ‘गुळाचा गणपती’ या 1953 सालच्या चित्रपटासाठी लिहिला, संगीत पु. ल. देशपांडे यांचं आणि स्वर भीमसेन जोशींचा. ‘विठ्ठला तू वेडा कुंभार’ हेही माडगूळकरांचंच, ‘प्रपंच’ चित्रपटातलं, सुधीर फडके यांच्या संगीतातलं. गदिमांनी संतांची भाषा इतकी आत मुरवली होती की हा गोंधळ म्हणजे एका अर्थी त्यांना मिळालेली पावतीच आहे, पण म्हणून श्रेय चुकीचं लिहायचं कारण नाही. दुसरी नेहमीची अडचण टोपणनावांची. ‘साधी माणसं’ (1965) चं संगीत आनंदघन यांचं, आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. दोन्ही नावं लिहा. नाहीतर कुणीतरी आनंदघन नावाच्या अनोळखी संगीतकाराची बाकीची गाणी शोधत बसतं.

पडताळायला ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ मराठीसाठी पहिलं दार, हिंदी चित्रपटगीतांसाठी हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’. त्याहून पक्कं हवं असेल तर रेकॉर्डच्या लेबलचा फोटो किंवा चित्रपटाची श्रेयनामावली. व्हिडिओखालची माहिती हा पुरावा धरू नये. ती एकाची दुसऱ्याने उचललेली असते, आणि दहा ठिकाणी तीच चूक दिसली की ती खरी वाटायला लागते.

आता दुसरी ओळ, आणि माझ्या मते खरा कस इथे लागतो: हे ध्वनिमुद्रण कुठलं? गीतरामायणाचं उदाहरण घ्या. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर ते आठवड्याला एक गीत असं सुरू झालं. एकूण 56 गीतं. नभोवाणीवरच्या त्या मूळ मालिकेत वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे आवाज होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे अशी मंडळी त्यात गायली. नंतर ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या सगळ्या सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांच्या आवाजात, आणि त्याशिवाय बाबूजींनी वर्षानुवर्षं केलेल्या जाहीर कार्यक्रमांची मुद्रणं आहेतच. म्हणजे एकाच गीताचे तीन वेगळे अनुभव. सीतेचं गीत स्त्री आवाजात ऐकलेला माणूस आणि बाबूजींच्या आवाजात ऐकलेला माणूस एकमेकांशी वाद घालतात तेव्हा दोघं निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. ‘रेडिओ’, ‘ध्वनिमुद्रिका’ किंवा ‘कार्यक्रम’ एवढा एक शब्द लिहिला तर तो वाद होतच नाही.

नाट्यपदांत हे आणखी महत्त्वाचं. ‘स्वयंवर’ (1916) मधलं पद बालगंधर्वांच्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीवर ऐकणं वेगळं आणि कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमात मांडलेलं ऐकणं वेगळं. 10 इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे रंगमंचावर वन्समोअर घेत रंगत जाणारं पद तिथे आवळून बसवलेलं असतं. तबकडीवरून ‘विस्तार नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. एवढ्याशा वेळात काय ठेवलं आणि काय गाळलं, ते ऐकावं.

आणि नंतर घातलेल्या वाद्यांकडेही लक्ष असू द्या. कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांवर नवा ठेका आणि प्रतिध्वनी चढवून ती पुन्हा विकली गेली, ‘रिव्हायव्हल’ किंवा ‘झंकार’ म्हणून. त्याच काळात दुसऱ्या गायकांकडून हुबेहूब गाऊन घेतलेली व्हर्जन गाणीही निघाली. दोन्ही आज मूळ गाण्याच्या नावाने फिरतात. ओळखायची खूण: आवाजामागे तबकडीची खरखर ऐकू येते आणि तालवाद्य मात्र काचेसारखं स्वच्छ, किंवा ओळीच्या शेवटी आवाज थांबला तरी प्रतिध्वनी रेंगाळतो. असं वाटलं की दुसरी प्रत शोधावी.

गतीचा घोटाळा तर भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांनी धावतो, पाल या जुन्या प्रक्षेपण पद्धतीच्या टीव्हीवर तो 25 ने दाखवला जाई. म्हणजे अशा फितीवरून घेतलेलं गाणं 4 टक्के वेगाने चालतं आणि अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाऊणपट चढतं. 3:20 चं गाणं 3:12 मध्ये संपतं. स्वामित्वहक्काची आपोआप होणारी तपासणी चुकवायला काही जण मुद्दामही वेग वाढवतात. फार जुन्या तबकड्यांत तर 78 हा आकडाच पक्का नव्हता, कमी-जास्त वेगाने मुद्रण झालेलं असे, आणि आज ती सरसकट 78 वर वाजवली की आवाज वर किंवा खाली जातो.

तपासायला तानपुऱ्याचं कुठलंही अ‍ॅप पुरतं. षड्‌ज लावून गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कुठल्या पट्टीवर आहे ते शोधा, समजा काळी एक आली. मग त्याच गाण्याची दुसरी प्रत घ्या. तिथे पांढरी एक आली तर दोघींत अर्ध्या स्वराचा, म्हणजे सुमारे 6 टक्क्यांचा फरक आहे. आता लांबी मोजा, पण पूर्ण व्हिडिओची नको. सुरुवातीला शांतता किंवा निवेदन असतं, म्हणून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोजायचं. पांढरी एकच्या प्रतीत 200 सेकंदांचं गाणं काळी एकच्या प्रतीत 189 च्या आसपास भरलं तर वेग बदललेला आहे. लांबी तीच आणि पट्टी वेगळी असेल तर सॉफ्टवेअरने नुसता स्वर सरकवला आहे. वाढलेल्या वेगाची कानाला कळणारी खूण म्हणजे आवाज पातळ होतो आणि मुरक्या घाईने उरकल्यासारख्या वाटतात. ‘गायिकेने घाई केली’ असं लिहिण्याआधी हे एवढं बघायलाच हवं, कारण अन्याय गाणाऱ्यावर होतो.

ऐकायचं कशावर, हेही सांगतो. फोनच्या स्पीकरवर डग्गा (तबल्याच्या जोडीतलं खर्जाचं वाद्य) जवळजवळ ऐकूच येत नाही, इतके खालचे स्वर त्या इवल्याशा स्पीकरला पेलत नाहीत. दादऱ्याचा किंवा केरव्याचा सगळा डौल डग्ग्यात असतो. तेव्हा ठेक्याबद्दल लिहायचं असेल तर हेडफोन लावा, तोही तारेचा साधा चालेल. मूळ मोनो गाणं कृत्रिम स्टिरिओ करून टाकलेलं असेल तर एका कानात खर्ज आणि दुसऱ्यात तार असं विचित्र वाटतं. गाण्यात काही चुकलेलं नसतं, त्यावर प्रक्रिया झालेली असते.

आता जागा. गाणं दोनदा ऐका. पहिल्यांदा काही लिहू नका. दुसऱ्यांदा जिथे मान आपोआप हलते तिथे थांबवा आणि दहा सेकंद मागे जाऊन पुन्हा ऐका, म्हणजे नेमकं काय झालं ते कळतं: मींड होती (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), खटका होता (स्वरांना झटकन दिलेला झटका), शब्द तोडला होता, की गाणारा समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी येऊन थांबला होता. ते एकच लिहा. मिनिट-सेकंद द्या आणि शब्दही द्या: ‘2:10, दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ’. नुसती वेळ दिली तर लिंक गेल्यावर तिचा उपयोग शून्य, शब्द मात्र कुठल्याही प्रतीत सापडतो. यूट्यूबवर व्हिडिओखालच्या प्रतिक्रियेत वेळ लिहिली की ती दाबता येते, व्हॉट्सअ‍ॅपवर तसं होत नाही. संगणकावरून पाठवत असाल तर ‘शेअर’ दाबल्यावर सुरुवातीची वेळ घालायची चौकट येते, ती भरा आणि जागेच्या पंधरा-वीस सेकंद आधीची वेळ घाला. जागा थेट अंगावर आली तर तिची मजा जात राहते, तिच्याकडे जाणारी वाट ऐकायला हवी.

नमुना म्हणून एक टिपण:

‘शुक्रतारा मंद वारा’. गीत मंगेश पाडगांवकर, संगीत श्रीनिवास खळे, स्वर अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. मूळ ध्वनिमुद्रिका, कार्यक्रमातली नव्हे. पहिलं कडवं ‘तू अशी’ने संपतं, दुसरं ‘तू असा’ने. धृवपद तेच, एका अक्षराच्या बदलाने बोलणारं माणूस बदलतं. पहिल्या कडव्याच्या शेवटच्या ओळीपासून लावा आणि सुधाताईंचा आवाज कसा उचलून घेतो ते ऐका.

यात ‘अप्रतिम’ कुठेच नाही, तरी वाचणारा लिंक दाबतो. अरुण दाते यांनी हे गाणं कार्यक्रमांतून इतर गायिकांबरोबरही गायलं, म्हणून दुसऱ्या ओळीतला खुलासा गरजेचा.

रागाचं नाव लिहायचा मोह आवरावा. भावगीताची चाल एका रागाला बांधलेली क्वचितच असते. ‘यमनची छाया’ म्हणणं बरोबर, ‘राग यमन’ म्हटलं की शुद्ध मध्यम कुठे लागला यावर तीन दिवस जातात आणि गाणं बाजूला पडतं. नाट्यपदांचं वेगळं आहे, तिथे राग ठरलेला असतो, जरूर लिहा.

उत्तर देतानाही जागेवरच बोलावं. कुणी दाखवलेली जागा ऐकून ‘तिथे मला मींडेपेक्षा त्याआधीची विश्रांती जास्त आवडली’ असं लिहिलं की संवाद सुरू होतो. गाणं नाही आवडलं तर तेही लिहावं, पण कुठे ते सांगून: ‘दुसऱ्या अंतऱ्याआधीचा व्हायोलिनचा पीस लांबला’. उत्तरादाखल लगेच दुसरं गाणं टाकणं ही या ग्रुपांना लागलेली कीड आहे. पहिलं गाणं ऐकलं न जाताच वर सरकतं. एका माणसाने आठवड्याला एकच गाणं द्यायचं आणि बाकीच्यांनी रविवार रात्रीपर्यंत लिहायचं, एवढी शिस्त वीस जणांच्या ग्रुपला पुरते. त्याहून मोठ्या ग्रुपात पाळी लावावी लागते.

फाइल पाठवू नका, लिंक पाठवा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो, त्यामुळे 1955 ची तबकडी मोकळी झालेली असू शकते, पण शब्दांचा हक्क कवीच्या निधनानंतर 60 वर्षं असतो. माडगूळकर 1977 मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द 2037 अखेरपर्यंत संरक्षित आहेत. टिपणात दोन-चार शब्द उद्धृत करायला हरकत नाही, अख्खं गीत टंकून टाकू नये.

लिंका मात्र मरतात, कधी अपलोड करणाऱ्याचं खातंच बंद होतं. म्हणून महिन्याअखेरीस एकाने सगळी टिपणं एका स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्यावीत: पहिली ओळ, गीत, संगीत, स्वर, कुठलं मुद्रण, पहिल्या ते शेवटच्या शब्दापर्यंतची लांबी, पट्टी, जागा, टिपण लिहिणाऱ्याचं नाव, आणि लिंक शेवटच्या रकान्यात. लिंक गेली तर लांबी आणि पट्टी या दोन रकान्यांवरून नवी प्रत तीच आहे की वेग बदललेली, हे पाच मिनिटांत कळतं.