पट्टे उमटताना: झेब्रा डॅनिओच्या पिल्लांची नोंदवही

मागच्या पावसाळ्यात झेब्रा डॅनिओची अंडी घ्यायचा माझा पहिला प्रयत्न साफ फसला. सकाळी टाकीत डोकावलो तर अंडी कुठेच नाहीत आणि पाचही माशांची पोटं टम्म. मासे अंडी टाकता टाकताच गिळत होते, हे कळायला मला दोन आठवडे लागले. यंदा गोट्या आणल्या.

डॅनिओ म्हणजे ‘नवशिक्यांचा मासा’, असं म्हणून आपण त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही. स्वस्त, काटक, चुका पोटात घालणारा. पण हा आपल्याच उपखंडातला मासा आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले संथ ओहोळ, भातखाचरांच्या कडेचं साचलेलं पाणी, ही त्याची घरं. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेपासून जर्मनीतल्या ट्यूबिंगनपर्यंत कितीतरी प्रयोगशाळांत तो हजारोंनी पोसला जातो. मला संशोधन करायचं नव्हतं. अंगावर पट्टे येतात कसे, एवढंच डोळ्यांनी बघायचं होतं.

तयारी. तीन माद्या, दोन नर. आठवडाभर मध्ये जाळी घालून वेगळे ठेवले आणि डासांच्या अळ्या भरपूर चारल्या (अळ्या गच्चीवरच्या पिंपातल्या, सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगू नका). अंड्यांसाठी एक फुटी टाकी, तळाला गोट्यांचे दोन थर, वर जेमतेम पाच इंच पाणी. नळाचं पाणी दोन दिवस बादलीत मुरवलेलं. रात्री नऊला पाचही मासे त्यात सोडले आणि टाकीवर जाड टॉवेल टाकला. सकाळी सहाला टॉवेल काढला, तशी दहा मिनिटांत पाठलाग सुरू. नर मादीला कडेकडेने रेटत नेतो, दोघं क्षणभर थरथरतात की झालं. अंडी चिकट नसतात, सरळ गोट्यांच्या फटीत घरंगळतात. सात वाजता मोठे मासे बाहेर काढले.

सायफनने ओढून मोजली तर १४० च्या आसपास. मोहरीच्या दाण्याहूनही लहान, काचेसारखी. दुपारपर्यंत तीसेक पांढरी पडली, ती ड्रॉपरने वेचून टाकली. बाकीच्यांच्या पाण्यात मिथिलीन ब्लू या बुरशीनाशकाचे दोन थेंब.

दिवस १ ते ५. स्वस्तातला यूएसबी मायक्रोस्कोप पहिल्यांदा कामी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंड्याच्या आत शेपटी झटके देत होती. डोळ्यांत आणि पाठीवर काळे ठिपके धरायला लागले होते. तिसऱ्या दिवशी पिल्लं बाहेर आली आणि काचेला चिकटून लटकली. पाचव्या दिवशी पोहायला लागली. म्हणजे अंड्यातली शिदोरी संपली आणि आता जेवण आपण द्यायचं.

दिवस ९. वाईट दिवस. कोबीची पानं कुजवून वाढवलेलं इन्फ्युसोरिया (पिल्लांना खायला सूक्ष्मजीव) कमी पडेल म्हणून उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घातला. एका थेंबाने भागलं असतं, मी तीन घातले. संध्याकाळी पाणी दुधाळ, सकाळी तळाशी पिल्लांचा थर. तोवर जगलेल्या ९० पैकी ३८ उरली. चूक सर्वस्वी माझी. दहाव्या दिवसापासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं) सुरू केला. आर्टेमिया खाऊन पिल्लाचं पोट नारिंगी दिसलं की जीव भांड्यात पडतो. पुढे आणखी सात गेली, पण ती एकेक करून. ३१ टिकली.

पहिली फसगत. या वयातच पिल्लांच्या अंगावर काळ्या रेघा असतात: एक पाठीवर, एक मधोमध, दोन पोटाकडे. मी आनंदाने फोटो काढले, आईला दाखवले. तेच मोठेपणीचे पट्टे असं मला वाटलं होतं. ते नव्हेत. हे बाळलेणं आहे, पुढे मोडून नवं घडवायचं. मोठेपणीच्या नक्षीच्या पेशी वेगळ्या, त्या उशिरा येतात आणि सगळी मांडणी नव्याने करतात.

दिवस २३ ते ४०. हीच खरी गंमत. पेट्री डिशखाली आलेखाचा कागद ठेवून, पिल्लू चमच्याने पाण्यासकट उचलून डिशमध्ये सोडायचं, वरून फोनने फोटो घ्यायचा आणि दोन मिनिटांच्या आत परत टाकीत. रोज पाच पिल्लं. आठवड्याभरात ध्यानात आलं की माझी ‘दिवस अमुक’ ही पद्धतच चुकीची आहे. एकाच दिवशी, एकाच खेपेच्या अंड्यांतलं १२ मिमीचं पिल्लू दोन काळे पट्टे मिरवत होतं आणि ७ मिमीचं कोरंच होतं. पट्टे वयाने येत नाहीत, अंगाने भरल्यावर येतात. तेव्हापासून वहीत दिवसाशेजारी लांबी लिहितो. तुम्हीही लिहा, नाहीतर नोंदी जुळवताना डोकं फिरेल.

क्रम असा दिसला. ८ मिमीच्या आसपास कुशीच्या मधोमध चंदेरी रेघ चमकायला लागते. काळं काहीच नाही, नुसती चमक. मग तिच्या वर आणि खाली काळे कण गोळा होतात, विस्कटलेले, मुंग्या रांग धरण्याआधी असतात तसे. चार-पाच दिवसांत रांगा सरळ होतात. पुढे अंग वाढलं की वरखाली नवी चंदेरी-पिवळी पट्टी, तिच्या पलीकडे नवा काळा पट्टा. म्हणजे पट्टे मधून बाहेरच्या दिशेने एकेक वाढत जातात.

कातडीत तीन प्रकारच्या पेशी असतात: काळ्या, पिवळ्या आणि चमकणाऱ्या. चमक ग्वानिनच्या स्फटिकांची असते. गडद पट्टा आपल्याला निळा दिसतो तो काळ्या पेशींवर निळसर चमक पसरते म्हणून. निळा रंग असा तिथे नसतोच. कुणी वरून नकाशा आखून दिलेला नसतो. पिवळी पेशी काळीला शिवते, काळी पळते, पिवळी मागे धावते. जपानमध्ये काचेच्या बशीत या पेशींचा असा चक्क शिवाशिवीचा खेळ पाहिलेला आहे. शेजारच्या काळीला पिवळी हुसकते, पण थोड्या अंतरावरच्या काळीला जगायला त्याच पिवळ्यांचा आधार लागतो. जवळ असलं की भांडण, दूर असलं की माया. (एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना समजवायला नको.) रसायनांच्या अशा ओढाताणीतून नक्षी आपोआप उमटू शकते, हे गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्येच मांडलं होतं. जपानी संशोधक शिगेरू कोंडो यांच्या गटाने २००७ मध्ये डॅनिओच्या अंगावरच्या पट्ट्यांतल्या रंगपेशी लेझरने जाळल्या. पट्टे परत आले, पण जुन्या जागी नाही. उरलेला पट्टा वाकून मोकळ्या जागेत शिरला. छापील चित्र असतं तर फाटलेली जागा फाटकीच राहिली असती.

खऱ्या झेब्र्याचं गणित निराळं आहे. त्याच्या पट्ट्यांची संख्या आईच्या पोटातच ठरते. शिंगरू तेवढेच पट्टे घेऊन जन्मतं आणि अंगाबरोबर ते नुसते रुंदावतात. आमच्या अंगणातल्या खारीच्या पाठीवरची रामाची बोटंही वाढत नाहीत. माशांचे पट्टे मात्र संख्येने वाढतात. खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्यांनी एम्परर एंजलफिशवर नजर ठेवावी. त्याच्या अंगावर दोन रेघांच्या जोडातून तिसरी रेघ चेन उघडावी तशी सरकत वेगळी होते. कोंडो यांनीच १९९५ मध्ये हे दाखवलं होतं.

दिवस ५२. ३१ पैकी सहा पिल्लांचे पट्टे तुटक होते. मी आर्टेमियाच्या दर्जाला दोष दिला, मग पाण्याला, मग स्वतःला. आठवडाभर पाणी बदलत राहिलो. तुटकपणा सुधारला नाहीच, उलट तुकडे गोल झाले आणि एका संध्याकाळी लख्ख दिसलं की हे ठिपके आहेत. सहाही पिल्लं लेपर्ड डॅनिओ, म्हणजे डॅनिओचा ठिपकेदार प्रकार! आईबाप पाचही जण पट्टेदार. पाचही एकाच टाकीत होते, तेव्हा कोणती कुणाची ते सांगता येत नाही. पण निदान एक नर आणि एक मादी हा गुण आत दडवून असणार, कारण तो दोन्हीकडून आल्याशिवाय दिसत नाही. या ठिपकेवाल्याला १९६३ मध्ये चक्क वेगळी जात म्हणून नाव दिलं गेलं होतं. पुढे उलगडलं की जात तीच. रंगपेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा ज्या जनुकावर बेतलेल्या आहेत, तेवढं बिघडलं की पट्ट्याचे ठिपके होतात. आठवडाभराची पाणी बदलण्याची ढोरमेहनत फुकट गेली, पण इतका आनंद मला महागड्या डिस्कस माशानेही दिला नव्हता.

आज, दिवस ७१. सगळी दोन फुटी टाकीत आहेत. सर्वात मोठं २४ मिमी, चार पट्टे पूर्ण, पाचवा पोटाकडे अर्धवट. ठिपकेवाले वेगळा थवा करतील असं वाटलं होतं, केला नाही. २००४ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की डॅनिओ ज्या नक्षीच्या माशांत वाढतो, त्यांच्याच थव्यात जायला बघतो, मग स्वतःची नक्षी काही का असेना. माझी सहाही पट्टेवाल्यांतच लहानाची मोठी झाली आहेत.

पुढच्या खेपेला ठिपकेवाल्यांची जोडी लावून अंडी घ्यायची आणि ती पिल्लं पहिल्या दिवसापासून वेगळी वाढवायची. नर-मादी ओळखता येतील इतकी माद्यांची पोटं भरायला अजून महिनाभर तरी लागेल. तोवर बलक कुणी सुचवू नका. कुणाकडे जास्तीचा स्पंज फिल्टर पडून असेल तर कळवा, डोंबिवलीत कुठेही येऊन घेऊन जाईन.