कोजागिरीला तीन गाणी

कोजागिरीला नऊ दिवस राहिलेत आणि माझी तीन गाणी एकदाची ठरली. जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दरवर्षी मसाला दूध आणि गाणी असतात, यंदा मी पहिल्यांदा युकुलेले, म्हणजे गिटारसारखं छोटं वाद्य, घेऊन बसणारे, लोकांसमोर आजवर कधी वाजवलेलं नाही त्यामुळं महिनाभर डोक्यात दुसरं काही नाहीच. रात्री साडेअकराला भाऊ दारात येऊन विचारतो, "काय करलालीस बे अजून?"

यादी आधी अकरा गाण्यांची होती. सगळ्यात जास्त जीव होता एका संथ भावगीतावर, आई भाजी निवडताना ते गुणगुणायची. पण युकुलेलेचा सूर टिकतच नाही ना, चार नायलॉनच्या तारा आणि एवढंसं लाकडी पोट, छेडलं की लगेच विरलं. पेटीचा भाता हलतोय तोवर सूर धरून ठेवता येतो, इथं ओळ लांबवली की गळा एकटा पडतो. एकेक तार छेडत मधल्या जागा भरून बघितल्या, आठवडा घालवला त्यात, तरी अंतरा पोकळच वाटायचा. काढलं शेवटी. वाईट वाटलं, अजून वाटतंय.

मग अभंग. शेजारच्या काकू भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांच्याकडून चाल घेतली आणि ती त्यांच्या काळी पाच पट्टीतच डोक्यात बसली. युकुलेलेवर काळी पाच म्हणजे बी फ्लॅटची कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर), पहिलं बोट आडवं दाबून धरायचं, सोबतीला ई फ्लॅट, दोन मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागायची. तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या पट्टीपाशी, कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी पट्टीच्या कॉर्डच्या आकारांनी वाजवलं, सूर बरोबर आला पण माझं सोप्रानो, म्हणजे छोट्या मापाचं युकुलेले, आधीच २१ इंची, तारा अजून आखूड झाल्यावर आवाज नुसता टणटण. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, तुझा गळा पांढरी पाचचा हाय की, माझ्या पट्टीत कशाला गातीस?"

बास! पांढरी पाच म्हणजे जी, मग जी, सी, डी, तीन कॉर्डमध्ये अख्खा अभंग बसला आणि वरच्या सुरासाठी गळा ताणावा लागत नाही. गाणं निवडताना आधी स्वतःची पट्टी बघायची हे मला कुणी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

सुरुवातीला एक बालगीत ठेवलंय, सी आणि जी सेव्हन एवढ्यावर होतं, हात थरथरले तरी जमेल. शेवटी टाळ्यांचं गाणं. ते केरवा तालात आहे, इंटरनेटवर सगळीकडं शिकवतात तो खाली खाली वर, वर खाली वर हा तारा छेडायचा स्ट्रोक आठ मात्रांत बरोबर बसतो, मी आधी तोंडानं धा गे न ती न क धि न म्हणते आणि मगच हात सोडते. कॉर्ड चुकली तरी उजवा हात थांबवायचा नाही एवढंच रोज घोकते, फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा कळलं की चुकीपेक्षा थांबणं जास्त कानाला लागतं.

तारा गेल्या रविवारीच बदलल्या, नवीन नायलॉन बरेच दिवस ताणत राहतं आणि सूर उतरतो. त्यात आपल्याकडची ऑक्टोबर हीट, गच्ची संध्याकाळपर्यंत तापलेली, म्हणून अर्धा तास आधीच वाद्य वर नेऊन ठेवणार. गलक्यात सूर जुळवायचं मोबाईलचं ॲप गोंधळतं, त्यामुळं क्लिपवाला ट्यूनर, तो लाकडाच्या कंपनांवर चालतो.

पोरं विचारणारच, ही छोटी गिटार आहे का. त्यांना सांगायचं ठरवलंय की १८७९ मध्ये मदेराहून पोर्तुगीज कामगार जहाजानं हवाईला गेले, त्यांच्याजवळच्या छोट्या तंतुवाद्यांवरून हे तिथं घडलं, आणि नावाचा एक अर्थ उड्या मारणारी पिसू. पिसू म्हटल्यावर पुढं बसलेली सगळी हसतील आणि तेवढ्यात मला श्वास घेता येईल.

उद्या संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर पहिली रंगीत तालीम आहे. मंडळातल्या दोघी टाळ घेऊन बसणारेत, माझी लय पुढं पळते का ते तिथंच कळेल.