तुम्ही विचारलंत म्हणून: दोन हजार वर्षांपूर्वीचे उपकार

"तुमच्या येशूनं दोन हजार वर्सांमांगं जीव देल्ला, तं त्याचे उपकार तुमच्यावर कसे काय बाप्पा?" यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हा प्रश्न मला पानटपरीवर, एसटीत, तेरवीच्या पंगतीत, कुठेही गाठतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कुचेष्टा नसते. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्नही येतोच: "मंजे पाप करा, माफी मांगा अन् मोकळे व्हा, असंच न?"

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

माफी म्हणजे काय हे आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. 2008 साली केंद्र सरकारची कर्जमाफी आली. 2 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ, त्यावरच्याला बाकीची रक्कम भरली तर 25 टक्के सूट. साडेपाच एकर कोरडवाहूवाला थोडक्यात हुकला. पण ज्याचं माफ झालं, त्याच्या खात्यावरचा आकडा काही हवेत विरला नाही. सरकारला तो तिजोरीतून बँकांना भरून द्यावा लागला. एकाच्या नावावरून खोडलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढतंच.

हे मला आधी गोठ्यात कळलं, देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नंतर.

मी बावीस वर्षांचा होतो. बाबांनी सहा क्विंटल कापूस देऊन मला बाजारात धाडलं. चुकारा रोख मिळाला. त्यातून कृषी केंद्राची उधारी फेडायची होती: बियाणं, खत, फवारणीचं औषध. मी ते पैसे दोन रात्रींत पत्त्यांवर घालवले आणि घरी सांगितलं, व्यापाऱ्यानं पुढच्या महिन्याची बोली केली आहे. महिनाभर खोटं चाललं. मग दुकानदारच दारात आला. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, त्यांना सगळं समजलं. दुकानदाराला म्हणाले, "उधारी माह्या नावावर हाये. बाजाराच्या दिशी देतो."

बाजाराच्या दिवशी जोडीतला एक बैल घेऊन ते पहाटेच निघाले. संध्याकाळी परतले तेव्हा खांद्यावर नुसतं दावं होतं.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, उरलेल्या बैलाच्या खांद्याला आईनं तूप-हळद चोळली. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणताना तिचा आवाज अडकला. शेजारच्या खुंट्याभोवती गवत उगवलं होतं. डवरणीला आम्ही सावड केली; एक दिवस शेजाऱ्याचं वावर, एक दिवस आमचं. या सगळ्यात बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. पत्ते मी पुन्हा हातात धरले नाहीत. शपथ कुणी घातली नव्हती. गोठ्यात शिरलं की तो खुंटा दिसायचा. 'माफी मांगा अन् मोकळे व्हा' म्हणणाऱ्याला मला हेच सांगायचं असतं. त्या माफीनंतर मी मोकळा झालो आणि बांधलाही गेलो.

खूप वर्षांनी, बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा, मी विषय काढला. म्हणाले, "ते तं तवाच झालं. आता काहून उकरतं?"

आता येशूचं. रोमी सुभेदार पंतय पिलात याच्या हुकमानं त्याला यरुशलेमेच्या वेशीबाहेर वधस्तंभावर खिळलं. खिळणाऱ्यांसाठी त्यानं बापाकडे, म्हणजे देवाकडे, क्षमा मागितली. त्या शिपायांत मी नव्हतो, खरं आहे. पण माझी लबाडी, माझा राग, मी कुणाकुणाचं तोडलेलं मन, या सगळ्याचा हिशेब देवापुढे माझ्याच नावावर होता. येशूनं तो आपल्या नावावर घेतला, ही माझी श्रद्धा आहे. येशूचा प्रेषित पौल बायबलातल्या पत्रात कलस्सैकरांना लिहितो की आपल्याविरुद्धचं ऋणपत्र खोडून त्यानं ते वधस्तंभाला खिळलं. हे वाचताना मला दर वेळी दुकानदारासमोर उभे असलेले बाबा दिसतात. आणि दोन हजार वर्षांचं म्हणाल, तर आमच्या वावरातली विहीर पणजोबांनी खोदली. मी त्यांना पाहिलेलं नाही. ओलीत आजही तिच्यावरच होतं.

येशूनं शिकवलेल्या आमच्या मराठी प्रार्थनेतला शब्दही ऋणाचाच आहे: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." येशूनं एका चाकराची गोष्ट सांगितली आहे. राजानं त्याचं दहा हजार तलांतांचं कर्ज सोडलं. एक तलांत म्हणजे साधारण 6,000 दिवसांची मजुरी. सगळं फेडायला 1 लाख 64 हजार वर्षं लागली असती. तोच चाकर बाहेर पडला आणि 100 दिनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, सोबत्याचा गळा धरून बसला.

माझ्या चुलतभावानं धुरा, म्हणजे बांध, फोडून माझी दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळींची जागा, आपल्या वावरात घेतली होती. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. एका रविवारी प्रार्थनेत 'ऋण सोडले आहे' म्हणायला माझी जीभच उचलेना. संध्याकाळी त्याच्या अंगणात जाऊन बसलो. वहिनीनं चहा आणला. त्यानं पावसाचं विचारलं, मी बोंडअळीचं. धुऱ्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. त्या दोन तासांवर यंदाही त्याची तूर उभी आहे. चांगली आली आहे.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन आमच्या देवळात वधस्तंभावरचे सात उद्गार वाचतात. पहिला क्षमेचा आहे, आणि काही वर्षांपासून पाळकसाहेब तो मला वाचायला देतात. तुम्ही विचारलंत, तर एकदा या. देवळावर टिनं आहेत, ऊन फार लागतं. पाण्याची बाटली सोबत ठेवा. मी दारातच उभा असेन.