डोंबिवलीच्या नावाची सतरा अंकी संख्या

गेल्या रविवारी ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी भाची १११११११११ या संख्येचा वर्ग मोबाइलवर काढत होती. कॅल्क्युलेटरने सुरुवातीचे काही अंक दाखवले आणि पुढचे गाळून टाकले, म्हणून आम्ही चौकटीच्या वहीत गुणाकार मांडला. नऊ एकांची एक ओळ, तिच्याखाली एक घर डावीकडे सरकवलेली तशीच दुसरी, अशा नऊ ओळी. उजवीकडच्या पहिल्या उभ्या रांगेत एकच एक येतो, दुसऱ्या रांगेत दोन येतात, मधल्या रांगेत नऊ येतात आणि तिथून पुन्हा एकेक कमी होत जातो. कुठेही हातचा घ्यावा लागत नाही, म्हणूनच उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ असे, दोन्ही बाजूंनी सारखे वाचता येणारे उतरते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातल्या स्थानांच्या नावांप्रमाणे हिचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानी बसतो. परार्ध त्याच्या पुढचेच.

एकांच्या अशा वर्गांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटले. डहाणूला १९०५ साली जन्मलेले आणि ठाण्यात शाळा शिकलेले कापरेकर पुढे देवळालीत शिक्षक होते. डेम्लो हे नाव आपल्या डोंबिवलीवरून आले, कारण ही कल्पना त्यांना तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या त्या स्थानकावर सुचली. ठाणेकरांना ही गोष्ट फारशी ठाऊक नसते, याची मला मनापासून खंत वाटते.

आमच्या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव पाडले, तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग मिळतो. त्यावरून विभाजक ४५ निघतात. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते, म्हणजे संख्येपेक्षा कमीच, म्हणून वर्गीकरणात ही न्यून संख्या ठरते.

मला मात्र तिच्या अंकांची बेरीज अधिक मोलाची वाटते. ती ८१ येते आणि ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांनीच दिले, म्हणजे त्यांनी नाव दिलेले दोन प्रकार या एका संख्येत एकत्र येतात. असे प्रत्येक वेळी घडत नाही. एक ते नऊ एकांच्या वर्गांत अंकांची बेरीज एकांच्या संख्येच्या वर्गाइतकी येते, त्यामुळे सात एक घेतले तर ४९ ने भाग जायला हवा. पण १११११११ ला ७ नेच भाग जात नाही. पडताळून पाहिल्यावर फक्त १, १२३२१ आणि ही सतरा अंकी संख्या, एवढ्या तीनच हर्षद उरल्या.

भाचीने मग दहा एकांचा वर्ग मांडला. मधल्या रांगेत दहा आले, हातचा घ्यावा लागला आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे आले. सममिती मोडली, अंकांची बेरीज ८२ झाली, आणि विषम संख्येला ८२ ने भाग जाणे शक्यच नव्हते.