येऊर: मामा-भाचे पायी, बाकी सगळे गाडीत

ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, उपवनला रिक्षा थांबली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "वर सोडू का? गावापर्यंत जातो." चालत जाणार म्हटल्यावर त्याने आमच्याकडे असं बघितलं की सुट्टे पैसे मागायचीही मला लाज वाटली.

भाचा लग्नासाठी दोन आठवडे आला होता. राहतो अमेरिकेत, युटामध्ये. त्याला म्हटलं, ठाण्यात येऊन मॉल कसले बघतोस, येऊर चढू. तसंही इथल्या एका डोंगराचं नावच मामा-भाचे आहे. मामा-भाच्याने एका नावेत बसू नये म्हणतात, डोंगराला कुणाची हरकत ऐकलेली नाही.

नाक्यावर वनखात्याचा माणूस शाल गुंडाळून बसला होता. आमच्याकडे त्याने नुसतं बघितलं, मागच्या गाडीचा नंबर मात्र वहीत उतरवून घेतला. घाट सुरू झाला. फेब्रुवारीचा शेवट, साग निम्मा उघडा पडलेला, कुडा वाळलेला आणि काटेसावर अंगावर एक पान न ठेवता फुललेली. तिची लाल फुलं थपथप खाली पडतात. रस्त्याच्या कडेला पडलेली शाबूत होती, मधल्या भागातल्यांचा चिखल झाला होता. तिसऱ्या वळणापर्यंत मी सतरा गाड्या मोजल्या, मग कंटाळलो. एकीच्या छतातून एक मुलगी अर्धी बाहेर येऊन हात पसरून उभी होती. सायलेन्सरशी खेळ केलेल्या चार मोटारसायकली वर गेल्या, आणि समोरच्या झाडावर ओरडणारा हळद्या गप्प झाला तो झालाच.

"मामा, हे नॅशनल पार्क आहे ना?" भाच्याने विचारलं.

आहे आणि नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. अख्खं उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटर, आणि त्याच्या चहूबाजूंनी आपण. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात मनाला येईल तसं घुसता येत नाही. पण हा रस्ता जुन्या गावाला जातो, आदिवासी पाड्यांना जातो. वर हवाई दलाचं ठाणं आहे. मग बंगले आले, बंगल्यांमागून हॉटेलं, हॉटेलांमागून झगमगीत दिव्यांचे टर्फ. डिसेंबर 2016 मध्ये उद्यानाभोवतीचा इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकामांवर आणि गोंगाटावर बंधनं असलेला पट्टा, जाहीर झाला, तरी रात्रीचा गोंगाट आणि दिव्यांवरून ठाण्यात भांडण चालूच आहे. मधल्या काळात ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं भूमिपूजनही झालं, जुलै 2024 मध्ये. 11.8 किलोमीटरचा रस्ता, बराचसा याच डोंगराच्या पोटातून. म्हणजे पाठीवरून गाड्या आहेतच, आता पोटातूनही.

भाचा तापला. "सरळ बंद करा ना! गाड्या खाली ठेवा, लोकांना चालू द्या."

हा बोलतोय कोण, तर युटातल्याच मोआबच्या वाळवंटात दर सुट्टीला जीप घेऊन जाणारा गडी. 2023 मध्ये तिकडच्या सरकारने लॅबिरिंथ कॅन्यन भागातल्या 317 मैल वाटा मोटारींना बंद केल्या, तेव्हा याने मला रात्री बारा वाजता फोन करून अर्धा तास ऐकवलं होतं. जमीन लोकांची आहे, म्हाताऱ्या, अपंग माणसांनी ती बघायचीच नाही का, वगैरे. जीपवाले कोर्टातही गेले. मी त्याला त्या फोनची आठवण करून दिली.

तो हसला, पण मागे हटला नाही. "तिथे निदान नियम तरी आहे. 1964 च्या कायद्याने जे रान राखीव ठरलं तिथे सायकलसुद्धा चालत नाही. 1972 मध्ये निक्सनने हुकूम काढला, त्यात सरकारी जमिनीवर कुठे गाडी चालेल आणि कुठे नाही ते ठरवायला सांगितलं. आणि 2005 पासून वनखात्याचा नकाशाच असतो. नकाशावर वाट दाखवली असेल तरच गाडी न्यायची. नसेल तर नाही."

नकाशाची कल्पना मला आवडली. येऊरमध्ये आपला नकाशा म्हणजे नाक्यावरची ती वही.

पाचव्या वळणाच्या पुढे भाचा एकदम थबकला. डांबरावर एक हरणटोळ पडला होता. बोटाएवढा बारीक, हातभर लांब, अजून हिरवागार. शेपटीकडचा भाग अगदी जिवंत वाटत होता. मधला चार बोटं भाग सपाट, आणि त्यावर टायरची नक्षी इतकी स्पष्ट उमटली होती की एखाद्या गॅरेजवाल्याने टायरची जात सांगितली असती. मी काटकीने त्याला उचलून कडेच्या पाल्यात ठेवलं. तेवढ्यात एक गाडी हॉर्न वाजवत गेली, आम्ही रस्त्यात उभे होतो म्हणून.

खरं सांगायचं तर मला फार बोलायचा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मित्राच्या ओळखीने इथल्याच एका बंगल्यावर आमची पार्टी झाली होती. तीन गाड्या, मोठा स्पीकर, रात्री दीडला घाट उतरलो. उतरताना कुणीतरी खिडकीतून ओरडलं, "बिबट्या, बाहेर ये रे!" तो कुणीतरी मीच असेन अशी मला दाट शंका आहे.

गावाजवळ रस्त्याच्या कडेला एक मावशी बोरं आणि चिंचा घेऊन बसल्या होत्या. वीस रुपयांची बोरं घेतली, त्यांनी ती पळसाच्या पानात बांधून दिली. मी मोठ्या अपेक्षेने विचारलं, "मावशी, या गाड्या बंद करायला हव्यात ना?"

"कोणाच्या?" त्या म्हणाल्या.

मला उत्तर सुचेना. त्याच पुढे बोलल्या. "सुनेला कळा लागल्या तवा रात्री रिक्षाच आली होती. ती बंद करता का? ते रात्रीचे येतात, गाणी लावतात, त्यांना विचारा. नातवाला झोप नाही, दुसऱ्या दिवशी शाळा असते."

मी बोरं खात राहिलो. "कोणाच्या?" हा प्रश्न सोडून बाकी सगळ्यावर आपण वाद घालतो. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत याचं आपल्याला भारी कौतुक, पण तिथेही शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं चढ चढून दमायची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2022 च्या अखेरीस ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, तर घोडेवाले पोटावर पाय आला म्हणून विरोधात. माझ्यापुरतं विचाराल तर पाड्यावरची रिक्षा, टीएमटीची बस आणि अँब्युलन्स यांना कुणी हात लावू नये, उलट बस वाढवाव्यात. आमच्यासारख्यांच्या गाड्या उपवनला थांबाव्यात आणि अंधार पडल्यावर तर एकही वर जाऊ नये. यावर उपवनला राहणारे मला धरून मारतील, कारण रविवारी तळ्याभोवती आत्ताच गाडी लावायला जागा नसते. त्यांचंही चूक नाही.

दहा वाजले. ऊन चढलं आणि भाच्याच्या नव्या बुटाने टाच सोलून काढली. बसच्या थांब्यावर आम्ही पाऊण तास बसलो. बस आली नाही. उभं राहवेना तेव्हा एक पांढरी गाडी थांबली, आत नवरा-बायको. "खाली सोडू का काका?" भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग आम्ही दोघं मागच्या सीटवर बसलो. नाव नव्हती, त्यामुळे शास्त्राला धक्का नाही.

एसी थंडगार होता. सकाळी दोन तास लागलेला घाट बारा मिनिटांत संपला, आणि हरणटोळाची जागा कधी गेली ते कळलंही नाही. नाक्यावर गाडी हळू झाली. शालवाला आता शाल काढून बसला होता. वाकून त्याने आत डोकावलं, मला ओळखलं, भाच्याला ओळखलं, आणि वही पुढे ओढून नंबर लिहायला लागला.